कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवके (पेशीतले अन्न बनवणारे हिरवे कण) का दिसत नाहीत? ती वनस्पतीपेशीच ना?

पेशी वनस्पतीचीच आहे, पण तिच्यात हरितलवके नसतातच. सूक्ष्मदर्शकाला दोष देऊ नका. (प्रॅक्टिकलला हा प्रश्न दरवर्षी येतो.) कांद्याच्या पाकळ्या म्हणजे अन्न साठवणारे पानांचे बुडखे. तिथे उजेड पोचत नाही, मग प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या मदतीने अन्न बनवणं) कुठलं? वनस्पतीपेशी म्हणून ओळख पटवायची ती पेशीभित्तिकेवरून, म्हणजे पेशीभोवतीच्या कडक आवरणावरून: विटा रचल्यासारखे लांबट चौकोन, आणि आयोडीनने पिवळसर तपकिरी झालेलं केंद्रक, तेही मोठ्या रिक्तिकेमुळे (पेशीतल्या द्रवाने भरलेल्या पिशवीमुळे) बहुधा कडेला सरकलेलं. याउलट माणसाच्या गालाच्या आतल्या पेशींना भित्तिका नसते, म्हणून त्या वेड्यावाकड्या दिसतात. हरितलवकेच बघायची तर हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान पाण्याच्या थेंबात ठेवा. कांद्याची हिरवी पात घेतलीत, तरी तिच्या वरच्या सालीत ती मुख्यतः पर्णरंध्रांच्या (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या) कडेच्या रक्षक पेशींतच सापडतील.