फॅशन की प्रॉडक्ट डिझाइन?

प्रश्न: ताई, लेकीला फॅशन डिझाइन करायचंय, तिचे बाबा म्हणतात प्रॉडक्ट डिझाइन कर, दोन्हींचं काही नातं असतं का? – एक आई, बडोदा

उत्तर: अहो, सख्ख्या बहिणीच आहेत त्या! जपानी फॅशन डिझायनर इस्सी मियाके यांच्या 'प्लीट्स प्लीज' या चुणीदार कपड्यांच्या मालिकेत (१९९३) कपडा आधी अडीच-तीन पट मोठा शिवतात, मग कागदात घालून हीट प्रेसमधून (गरम दाबयंत्रातून) काढतात, पॉलिएस्टर उष्णतेने चुणी धरून ठेवतं ना, तोच गुण पकडून अख्खं डिझाइन उभं केलंय, हे मला फार भारी वाटतं. फॅशन डिझायनर हुसेन चालायान यांनी तर २००० साली लाकडी कॉफी टेबलचाच स्कर्ट केला. लेकीला आधी मटेरियल हाताळायला शिकू दे. आपल्या बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत क्लोदिंग-टेक्सटाइल्सचा विभाग आहे, बाबांनाच सोबत पाठवा बघायला.