स्प्रे मारला की मुंग्या का वाढतात?

प्रश्न : कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. ओट्यावर अगदी बारीक, पिवळट मुंग्यांची रांग लागायची. दर दोन दिवसांनी स्प्रे मारला, तर आता त्या बाथरूममध्ये आणि स्विचबोर्डातूनही निघतात. काय करावं?

उत्तर : स्प्रे आणि मुंग्यांचा खडू आजपासून बंद करा. मग एक मुंगी मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून पाहा. अंग सारखं पिवळट, पोटाचं टोक जरा गडद, लांबी जेमतेम 2 मिलिमीटर असेल, तर ती फॅरो मुंगी. डोकं काळपट आणि पोट फिकट असेल, पांढऱ्या टाइलवर नुसता काळा ठिपका पळताना दिसत असेल, तर ती घोस्ट मुंगी. दोन्हींच्या वसाहतीत राण्या अनेक असतात. स्प्रेने रांगेतल्या मुंग्या मरतात, राण्या फटीत सुरक्षित राहतात. धोका जाणवला की कामकरी मुंग्या अंडी-अळ्या उचलून, एखादी राणी सोबत घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड करतात. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

विष मुंग्यांनीच आत नेऊन राणीला भरवलं पाहिजे. कोमट पाणी 100 मिलिलिटर, साखर 10 ग्रॅम, औषधाच्या दुकानातली बोरिक पावडर 1 ग्रॅम (चहाचा पाव चमचा, सपाट). कण पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात, रांगेच्या कडेला ठेवा. लवकर मराव्यात म्हणून पावडर वाढवू नका. मुंग्या आमिषाला तोंड लावत नाहीत किंवा वाटेतच मरतात. पाणी उडालं तरी मिश्रण तीव्र होतं, म्हणून बोळा दर दोन दिवसांनी बदला. पहिल्या दिवशी झुंबड उडेल. उडू द्या, रांग पुसू नका. किमान तीन आठवडे धीर धरा.

साखरेकडे फिरकत नसतील, तर 20 ग्रॅम दाण्याच्या कुटात 1 ग्रॅम पावडर आणि थोडं तेल कालवून पाहा. फॅरो मुंगीला तेलकटही आवडतं. बोरिक पावडर पोटात गेली तर मुलांना आणि मांजर-कुत्र्यांना घातक आहे. आमिष भोक पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवा, डबीवर ‘विष’ लिहा. हळदीने रांग फक्त वाट बदलते. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवायच्या त्या मुंग्या संपल्यावरच.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात. मुंग्या की वाळवी?
– सिंहगड रस्ता

उत्तर : खाली पडलेला एक कागदावर घ्या. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, तर मुंगी. कंबर नाही, मिशा मण्यांच्या सरीसारख्या सरळ, चारही पंख सारखे, तर वाळवी. वाळवी खिडकीतून दिव्याकडे आली असेल, तर दिवा मालवून खिडकी लावली की पुरे. दाराच्या चौकटीतून किंवा भिंतीतून निघत असेल, तर वाळवीचं काम करणाऱ्यांना लगेच बोलवा.