वाचक विचारतात : दिवे विझवले म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न (खानापूर, जि. बेळगाव) : अमेरिकन यादवी युद्धात जहाजं जाळणारा कप्तान राफेल सेम्स आधी दीपगृह खात्यात होता म्हणे. नौदलाचा अधिकारी तिथे कसा? आणि युद्धात दीपगृहं विझवली म्हणजे काय? आमचा समुद्र कारवारपुरता, तेव्हा सविस्तर सांगावं.

उत्तर : 1852 पासून तिथला कारभार दीपगृह मंडळाकडे होता. मंडळावर नौदल अधिकारी, लष्करी इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ असत, पण ते होतं अर्थखात्याच्या हाताखाली. किनाऱ्याचे 12 विभाग पाडून प्रत्येकावर निरीक्षक नेमलेला असे. सेम्स आधी निरीक्षक, मग मंडळाचा सचिव झाला. फेब्रुवारी 1861 मध्ये राजीनामा देऊन तो फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना जाऊन मिळाला. तिथल्या नव्या दीपगृह खात्याचा प्रमुखही झाला, पण एप्रिलमध्ये तोफा सुटल्यावर त्याने जहाजच मागून घेतलं. पुढे 'अलाबामा' या जहाजावरून हिंडताना जानेवारी 1864 मध्ये तो केरळच्या अंजेंगोलाही कैदी उतरवून गेला.

आता दिव्याचं. नुसती वात मालवून भागत नाही, शत्रू ती तासाभरात पेटवेल. दीपगृहात दिव्याचा प्रकाश एकवटून लांब फेकणारं फ्रेनेल भिंग असतं. त्याच्या पहिल्या, म्हणजे मोठ्या श्रेणीत साधारण अडीच मीटर उंचीचा लोलकांचा पिंजरा असतो आणि मधोमध एकात एक बसवलेल्या चार गोल वातींचा दिवा. जळेल त्याहून जास्त तेल वातींना पुरवावं लागतं; उरलेलं वाहून जाताना बर्नर थंड ठेवतं. तेल कमी पडलं की वाती कोळपतात, बर्नर तापून बिघडतो. म्हणून दिवा बंद पाडायला बर्नर आणि भिंग फिरवणाऱ्या घड्याळी यंत्राचे मोजके भाग काढून नेले तरी पुरतं. फ्लोरिडात ज्युपिटर इनलेटला 1861 मध्ये असंच झालं. भिंग शाबूत राहिलं आणि 1866 मध्ये दिवा पुन्हा लागला. केप फ्लोरिडाला मात्र भिंगच फोडलं. ते नुकसान निव्वळ आडदांडपणाचं, कारण लोलक घडवून आणायचे तर फ्रान्सहून.

अख्खं भिंग हलवायचं तर पितळी चौकटी एकेक सोडवून, प्रत्येकीवर क्रमांक घालून, मऊ भरण घातलेल्या खोक्यांत उभ्या ठेवाव्या लागतात. इथेच घाई नडते. क्रमांक चुकले तर चौकट भलत्या जागी बसून प्रकाश क्षितिजाऐवजी वर किंवा खाली जातो; चौकटीतलं पुटिंग सुटलं तर लोलक हलून कडेला टवके उडतात. दीपगृहाचा बुरूज उडवायला बंदुकीची दारू लागते, भिंग निकामी करायला निष्काळजी हमाल पुरतो.