प्रार्थनेत देव जाणवत नाही, म्हणजे माझंच काही पाप आहे का?

तुम्ही विचारलंय, प्रार्थना एकदम कोरडी झालीय, तर संत म्हणतात ती अंधारी रात्र, म्हणजे प्रार्थना करूनही देव जाणवतच नाही असा काळ, हीच का, की माझ्या पापामुळे देव लपलाय.

पापाचं आधी डोक्यातून काढा. मला हेच एका प्रार्थना गटातल्या बाईंनी चारचौघात सुनावलेलं. वडील गेल्यानंतर आराधनेला बसायचो आणि समोर नुसती भिंत, गटात बोलायची पाळी आली म्हणून खरं ते सांगितलं, तर बाईंनी पिशवीतून पापांची झेरॉक्स यादीच काढली, प्रत्येक पापापुढे टिक करायला चौकोन, वर पेन्सिल पण दिली! म्हणे, "तू काहीतरी लपवतोयस, म्हणून तोही लपलाय." मी म्हटलं, मग क्रूसाच्या योहानाचं काय, ज्याने ही अंधारी रात्र लिहून ठेवली त्या स्पॅनिश संताचं? १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच कार्मेली या संन्यासी संघातल्या लोकांनी त्याला स्पेनमधल्या तोलेदोत कोंडलं, खोलीत जेमतेम उजेड, फटके वेगळेच, आणि तिथे रचलेली कविता सुरूच होते ती प्रियकर कुठे लपला हे विचारत. त्याचा कुठला चौकोन टिक करायचा राहिलेला? लिज्यूची तेरेज, फ्रान्समधली कार्मेली सिस्टर, १८९६ च्या ईस्टरपासून १८९७ मध्ये मरेपर्यंत तशाच अंधारात. बाई म्हणाल्या, "ते संत होते रे." अहो, तेरेजला संतपद मिळालं १९२५ ला, त्या अंधारात असताना तिला कोण संत म्हणत होतं?

असो. योहान अंधाऱ्या रात्रीच्या खुणा सांगतो तीन, आणि तिन्ही एकत्र लागतात. देवात गोडी नाही, पण दुसऱ्या कशातही नाही. आपण मागे पडतोय ही टोचणी सतत. आणि प्रसंग डोळ्यासमोर आणून मनन करायचं म्हटलं तर जमतच नाही. वेबसिरीज रात्रभर चालते आणि फक्त प्रार्थनेलाच जांभया येतात, तर तो शुद्ध आळस. तुम्हाला टोचणी आहे हे दिसतंय, बाकीच्या दोन तुम्हीच बघा. तिन्ही जुळल्या तर मनाला ओढूनताणून कामाला लावू नका, नुसतं देवाकडे लक्ष ठेवून बसा.

हां, जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसने कोरडेपणाची जी तीन कारणं दिलीत त्यात आपली हयगय पण आहे, म्हणजे बाई अगदीच खोटं बोलत नव्हत्या, पण तीनातलं एक धरून माणसाला सगळ्यांसमोर सोलायचं नसतं. आणि झोप-भूक गेली असेल तर आधी डॉक्टर गाठा, उदासीचा आजार यात मिसळलेला असू शकतो हे योहानालाही माहीत होतं. बाकी काय ते फादरांशी एकट्यात बोला, गटात नको.