डिसेंबरात आईला घेऊन स्पेनच्या समुद्रकिनारी मालागाला जातेय. आम्ही दोघी दूध-अंडंही खात नाही. सगळं जेवण इथूनच न्यावं का?

नको. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत मी आणि माझी आई मालागा आणि नेर्हा इथे नऊ दिवस राहिलो. मीही दूध-तूप सोडलेलं आहे. प्रवासापुरता खाऊ आणि एखादी कोरडी चटणी घ्या, एवढं पुरेल. फक्त जिथे स्वयंपाकघर आहे अशी खोली घ्या.

सकाळची काळजीच नाही. तिथे लोक न्याहारीला भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि भरपूर ऑलिव्हचं तेल असंच खातात. अंतेकेरा गावचा 'मोयेते' हा मऊ, चपटा पाव मागा. हिवाळ्यात ऑलिव्हची तोडणी चालू असते, त्यामुळे ताजं तेल मिळतं. ते हिरवट आणि घशाला किंचित झोंबणारं असतं. आई रोज दोन पाव खायची.

दुपारी मात्र विचारून खा. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढं म्हणणं पुरत नाही. हॅम (डुकराचं मांस) आणि टूना मासा बऱ्याच जणांच्या लेखी मांसात येतच नाहीत. मिश्र सॅलडवर टूना आणि अंडं बहुधा असतंच. मसुराची आमटी पाहून आईला घर आठवलं, आणि तिसऱ्या घासाला डुकराच्या सॉसेजचा तुकडा लागला. आई काही बोलली नाही, पण त्या रात्री ती जेवली नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं, म्हणून सांगतेय: 'सोय वेगाना', म्हणजे मी वीगन (दूध-अंडंही न खाणारी) आहे, असं म्हणा आणि पुढे एकेक नाव घेऊन विचारा. हामोन (हॅम), आतून (टूना), वेवो (अंडं), लेचे (दूध), काल्दो (मांसाचं पाणी). नाव घेऊन विचारलं की आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून खरं उत्तर आणतात.

एक पदार्थ चुकवू नका. 'बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या', म्हणजे वांग्याचे तळलेले काप. 'मिएल' म्हणजे मध, म्हणून पहिल्या दिवशी मी नको म्हटलं. मग कळलं की हा मध मधमाशीचा नाही, उसाचा आहे. आईने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "अगं, ही तर काकवी!" खरंच काकवीच. नेर्हाच्या वर डोंगरात फ्रिहिलियाना नावाचं पांढरं गाव आहे, तिथे ती अजून कारखान्यात बनते. येताना आम्ही एक बाटली आणली. फक्त वांगी तळण्याआधी दुधात भिजवली होती का, हे विचारा. काही ठिकाणी तशी पद्धत आहे. पालक-चणे, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, आर्टिचोक (फुलाच्या कळीसारखी एक भाजी) हेही मिळतात, पण हॅमची चौकशी तिथेही करा.

नाताळच्या मिठाईपासून जपा. पोल्वोरोन आणि मान्तेकादो अगदी नानखटाईसारखे दिसतात आणि दुकानात, हॉटेलात हातावर ठेवले जातात. त्यांत डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलाचेही मिळतात, मात्र वेष्टन वाचूनच घ्या. तुरोन या बदामाच्या चिक्कीत बहुधा मध आणि अंड्याचा पांढरा भाग असतो. रस्त्यावर भाजलेले चेस्टनट निर्धास्त खा. चुरोस (पिठाच्या तळलेल्या कांड्या) बहुतेक ठिकाणी पीठ, पाणी, मीठ यांचेच असतात, पण सोबतचं चॉकलेट दुधाचं असू शकतं.

24 तारखेच्या संध्याकाळपासून बरीच हॉटेलं बंद होतात. 25 डिसेंबर, 1 जानेवारी आणि 6 जानेवारीलाही दुकानं बंद असतात. त्यामुळे आदल्या दिवशी सकाळीच मालागाच्या आतारासानास बाजारातून संत्री, बदाम, ऑलिव्ह, भाज्या भरून ठेवा. रविवारी तो बंद असतो. तिथे 'चिरिमोया' दिसेल, ते आपल्या सीताफळाचंच भावंड. त्याच किनाऱ्यावर पिकतं आणि डिसेंबर हा त्याचाच हंगाम. बोटाने दाबून मऊ लागेल ते घ्या, चमच्याने खा.

31 तारखेला रात्री बाराच्या बारा टोल्यांबरोबर सगळे एकेक द्राक्ष खातात. यात आपल्याला काहीच वर्ज्य नाही, त्यामुळे चौकात नक्की जा. त्या दिवसांत मिळणाऱ्या बऱ्याच द्राक्षांत बिया असतात. आईंसाठी बिनबियांची बघून घ्या, किंवा बारा सोललेल्या द्राक्षांचे छोटे डबे मिळतात ते आणा.