‘स्टार वॉर्स’चा ल्यूक, म्हणजे मार्क हॅमिल, पुढे चित्रपटांत फारसा का दिसला नाही? आणि आवाजाच्या कामात एवढा मोठा कसा झाला?

पडद्यावर काम मिळेना म्हणून तो नाइलाजाने माइककडे वळला का, आणि मुंबईत डबिंग शिकणाऱ्याने त्याच्याकडून नेमकं काय उचलावं, असंही तुम्ही विचारलंय.

‘वळला’ हेच मुळात बरोबर नाही. आवाजाचं काम तो ल्यूकच्या आधीपासून करत होता. १९७३ मध्ये हॅना-बार्बेराची ‘जीनी’ नावाची कार्टून मालिका आली, तिच्यातल्या मुख्य मुलाला, कोरी अँडर्सला, हॅमिलचा आवाज आहे. ‘स्टार वॉर्स’ त्यानंतर चार वर्षांनी, मे १९७७ मध्ये आला. म्हणजे माइक त्याला नवा नव्हता. पडद्यावर मोठं नाव झाल्यावर आवाजाचं काम केलं की मात्र लोकांना वाटतं की हा वरून खाली आला.

चित्रपटांबद्दल इंटरनेटवर एक लाडकी थिअरी फिरते: जानेवारी १९७७ मधल्या कार अपघातात त्याचं नाक आणि गालाचं हाड मोडलं, चेहरा बदलला, करिअर संपलं. मला हे पटत नाही. अपघातानंतर त्याने ‘स्टार वॉर्स’चे आणखी दोन चित्रपट नायक म्हणून केले (१९८० आणि १९८३), शिवाय सॅम्युअल फुलरच्या ‘द बिग रेड वन’ या युद्धपटात ठळक भूमिका केली. अडचण चेहरा बिघडल्याची नव्हती, चेहरा फार ओळखीचा झाल्याची होती. ब्रॉडवेवर ‘अमेडियस’ नाटकात त्याने मोझार्ट रंगवला होता. त्यावर मिलोश फोरमन चित्रपट करत होते तेव्हा भूमिका मिळाली नाही. ल्यूकला लोक मोझार्ट म्हणून स्वीकारणार नाहीत असं त्यांचं म्हणणं पडलं, हे हॅमिलने स्वतः मुलाखतींत सांगितलंय.

त्याची खरी तयारी झाली ती या नाटकांच्या वर्षांत, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. ‘द एलिफंट मॅन’मध्येही तो ब्रॉडवेवर मेरिकची भूमिका करत होता. या नाटकाची अट अशी की विद्रूप माणूस मेकअपशिवाय उभा करायचा. मुखवटा नाही, रबराचे तुकडे नाहीत, फक्त शरीराचा पीळ आणि तोंड वाकडं ठेवून काढलेला शब्द. आठवड्याला सात-आठ प्रयोग, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. जो नट हे करू शकतो त्याच्यासाठी माइक ही सोय असते.

आणखी एक धागा आहे. १९८१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने ‘स्टार वॉर्स’चं १३ भागांचं श्रुतिनाट्य केलं, १९८३ मध्ये दुसऱ्या चित्रपटाचं १० भागांचं. हॅमिलने दोन्हींत ल्यूक केला. मूळ संचातले जे फार थोडे नट आले त्यांत सी-थ्रीपीओ हा रोबो करणारा अँथनी डॅनियल्सही होता. खलनायक डार्थ व्हेडर मात्र ब्रॉक पीटर्सने केला. सिनेमात ल्यूक दोन सूर्यांकडे नुसता बघत उभा राहतो आणि संगीत सगळं काम करतं. रेडिओवर बघून चालत नाही. जे डोळ्यांनी केलं ते श्वासाने आणि थांबण्याने करावं लागतं. ही रेकॉर्डिंग्ज लक्षात ठेवा, शेवटी त्यांचं काम आहे.

सेटवरही त्याला असाच सराव झाला. १९८० च्या चित्रपटात ल्यूकचा गुरू योडा हा बाहुला. फ्रँक ऑझ आणि त्याचे मदतनीस उंचावर बांधलेल्या जमिनीखाली बसून तो चालवत. खालून बोललेलं वर नीट ऐकू येत नसे, म्हणून हॅमिलच्या कानात छोटा रिसीव्हर असे. समोर रबराचा चेहरा, कानात माणसाचा आवाज, आणि दोन्ही एकच आहे असं धरून अभिनय करायचा. डबिंगच्या खोलीत याच्या उलट परिस्थिती असते, पण कसब तेच.

१९९४ मध्ये ‘विंग कमांडर ३’ हा कॉम्प्युटर गेम आला, चार सीडींचा. अंतराळयुद्धाच्या गेममध्ये खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलेले प्रसंग होते. हॅमिल नायक ख्रिस्तोफर ब्लेअर, सोबत माल्कम मॅकडॉवेल आणि जॉन ऱ्हीस-डेव्हिस. सेट जवळजवळ नाहीच, नट हिरव्या पडद्यापुढे, मागचं जहाज नंतर कॉम्प्युटरवर. गंमत अशी की ठरावीक ठिकाणी खेळणारा ब्लेअरचं उत्तर निवडतो. म्हणजे नटाला एकाच प्रसंगाची दोन टोकं करून द्यावी लागतात, एकात सहकाऱ्याला सावरणारं आणि दुसऱ्यात झिडकारणारं वाक्य, आणि दोन्हींनंतरचा प्रसंग तरीही सलग वाटला पाहिजे. यात नवखे नट हमखास घसरतात: पहिला पर्याय मनापासून करतात, दुसरा उरकतात. गेम खेळताना ते लगेच कळतं.

आता जोकर, म्हणजे बॅटमॅनचा शत्रू, हॅमिलचा गाजलेला आवाज. १९९२ च्या बॅटमॅन ॲनिमेटेड मालिकेत हॅमिल आधी एका भागापुरता आला होता, ‘हार्ट ऑफ आइस’मधला उद्योगपती फेरिस बॉइल. जोकरसाठी टिम करी यांना घेतलं होतं. त्यांच्या जागी हॅमिल आला. व्हॉइस डिरेक्टर होत्या आंद्रेआ रोमानो. त्यांची पद्धत अशी की शक्यतो सगळे नट एकाच खोलीत, प्रत्येकापुढे स्वतंत्र माइक, आणि प्रसंग सलग वाचायचा. त्यामुळे बॅटमॅन करणारा केव्हिन कॉन्रॉय जिथे आवाज खाली नेतो तिथेच जोकर वर उडी घेतो. एकेकट्याने रेकॉर्ड करून हे जुळवता येतं, पण ते जुळवलेलं ऐकू येतं.

त्याचं हसणं नीट ऐका. एकच ठरलेलं ‘जोकरचं हास्य’ त्याच्याकडे नाही. कधी नाकातून फुटणारं, कधी श्वास आत ओढत हसलेलं, कधी मधेच थंड पडून वाक्यात विरघळणारं. प्रत्येक वेळी हसण्याला कारण असतं: समोरच्याला घाबरवायचंय, की योजना फसल्याचं झाकायचंय, की खरंच मजा आलीय. नक्कल करणारे नेमके इथे आपटतात. ते स्वर पकडतात, कारण सोडून देतात, म्हणून दहा सेकंद भारी वाटतं आणि दोन मिनिटांत कंटाळा येतो.

स्वराचंही थोडं बोलू. जोकर सतत दात दाखवतो. ओठ ताणले की तोंडाची पोकळी आखूड होते आणि आवाज उजळ, धारदार होतो. डोळे मिटूनही हसरा आवाज ओळखता येतो तो यामुळे. तेव्हा माइकपुढे खरंच ओठ ताणायला हवेत, कुणी बघत नसलं तरी. त्यावर खरखर चढवायची असेल तर ती घसा आवळून काढू नका. पोटातून हवा भरपूर, घसा सैल, आणि आवाजाच्या थोड्याशा भागावर खरखर. घसा दाबून काढलेली खरखर अर्ध्या तासात बसते, आणि ती बसली की तुमचा साधा आवाजही त्या दिवशी परत मिळत नाही.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. अमेरिकेत ॲनिमेशनचा आवाज बहुतेक आधी रेकॉर्ड होतो आणि चित्रं त्यावर बेततात. गती नट ठरवतो. मुंबईत डबिंगला बसता तेव्हा चित्र आधीच पक्कं असतं, आणि गती तुम्हाला दुसऱ्याची घ्यावी लागते. हॅमिलने दोन्ही केलंय. मियाझाकींच्या जपानी चित्रपटाच्या डिस्नेने काढलेल्या इंग्रजी आवृत्तीत (‘कॅसल इन द स्काय’, २००३) खलनायक मुस्का त्याचा आहे. जोकरनंतर लगेच मुस्का ऐका. जोकर शब्दाच्या मधोमध वळतो, मुस्का वाक्य सरळ, आवरून बोलतो. तिथे चित्र आधी तयार होतं, म्हणजे श्वास घ्यायची जागासुद्धा चित्राने ठरवलेली.

डबिंगमध्ये बहुतेकांचं लक्ष वाक्याच्या सुरुवातीकडे आणि शेवटाकडे असतं, आणि गडबड मधे होते. प, ब, म, फ या अक्षरांना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटलेले दिसतायत आणि तुम्ही ‘आ’ लावलाय, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही पण खटकतं. वाक्य बसत नसेल तर वेग वाढवू नका. डायलॉग लिहिणाऱ्याला किंवा डिरेक्टरला तिथे ओठ मिटणारा शब्द मागा. हेडफोन एका कानावर ठेवून मूळ आवाज ऐकत असाल तर त्याचा फक्त श्वास उचला, सूर नाही. मूळ नटाचा सूर गुणगुणणारं डबिंग लगेच ओळखू येतं, टीव्हीवर रोज ऐकतोच आपण.

माइकचं गणित साधं आहे. तोंडापासून साधारण एक वीत, मधे पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी), आणि माइक तोंडाच्या उंचीवर पण किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची हवा थेट आदळत नाही. ओरडायचं असेल तर एक पाऊल मागे आणि मान थोडी वळवून. त्याच जागी उभं राहून ओरडलात तर आवाज फाटतो, आणि जोर कमी केलात तर ओरडणं खोटं वाटतं. कुजबुजताना उलट, जवळ. सुती कपडे घाला, कडक कपड्यांची सळसळ रेकॉर्ड होते. भुकेल्या पोटी बसू नका, पोट गुरगुरतं तेही येतं. तोंड कोरडं पडलं की जिभेचे चटचट आवाज येतात. त्यावर साधं पाणी आणि हिरव्या सफरचंदाची फोड हा जगभरच्या स्टुडिओंत चालणारा उपाय.

गेमचं काम वेगळं आणि घशाला जास्त जड. हॅमिलने ‘अर्खम असायलम’ (२००९) आणि ‘अर्खम सिटी’ (२०११) केले. दुसऱ्यासाठी २०१२ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टाचा परफॉर्मरचा पुरस्कार मिळाला. पहिल्या गेममध्ये जोकर वेड्यांच्या इस्पितळातल्या लाउडस्पीकरवरून बॅटमॅनला सतत टोचत राहतो. अशी वाक्यं नट बहुधा एकटाच वाचतो, स्क्रिप्टऐवजी एक्सेलच्या रांगांतून, मागचापुढचा संदर्भ एका ओळीत. अमेरिकेत युनियनच्या नियमांनुसार एक सत्र चार तासांचं. त्यात मार खाणं, पडणं, जळणं, मरणं यांचे शब्दाविना आवाजही काढावे लागतात. ते नेहमी सत्राच्या शेवटी ठेवायचे. आधी घेतले तर नंतरचे संवाद बसक्या आवाजात येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा. २०१६-१७ मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने गेम कंपन्यांविरुद्ध सुमारे ११ महिने संप केला, त्यात घशावर ताण आणणाऱ्या सत्रांची मर्यादा हीही मागणी होती.

आणखी एक नेहमीची अडचण: पात्राचा आवाज सरकतो. दोन तासांत नकळत अर्धी पट्टी वर जातो. पहिल्या दिवशीचं पसंत पडलेलं एक वाक्य फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येक ब्रेकनंतर एकदा ऐका.

पडद्याचं म्हणाल तर तो तिथून पूर्ण गेला नव्हताच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘द फ्लॅश’ मालिकेत तो ट्रिकस्टर होता, विक्षिप्त, खिदळणारा खलनायक; जोकरची चाहूल तिथे लागते. २०१५ मध्ये ल्यूक म्हणून परतला तो शेवटच्या दृश्यात, एकही संवाद नसलेला. २०१७ च्या चित्रपटात मोठी भूमिका, आणि त्याच चित्रपटात कसिनोमधल्या एका टल्ली परग्रहवासीयाचं कामही त्याचंच, श्रेयनामावलीत दुसऱ्या नावाने. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीची हीच तऱ्हा आहे: चेहरा एका भूमिकेला दिलाय, बाकी सगळं नाव झाकून.

आता त्या रेडिओ रेकॉर्डिंग्जकडे. २०२० मध्ये ‘स्टार वॉर्स’च्याच ‘द मँडलोरियन’ या मालिकेत तरुण ल्यूक दिसतो. शरीर दुसऱ्या नटाचं, चेहरा कॉम्प्युटरने बसवलेला, आणि आवाज रिस्पीचर या कंपनीच्या सॉफ्टवेअरने घडवलेला. त्याला खाद्य म्हणून जुन्या चित्रपटांचं स्वच्छ डबिंग, त्या काळचं ध्वनिपुस्तक आणि ती श्रुतिनाट्यं पुरवली होती, असं साउंड एडिटर मॅथ्यू वुडने सांगितलंय. ऐकाल तर शब्द स्पष्ट आहेत, पण वाक्याला चढउतार कमी. मला तो सपाट वाटतो. यंत्राला सूर मिळाला, पण पुढचं वाक्य कशासाठी बोलायचं ते नाही मिळालं.

हॅमिलच्या बाबतीत हे निदान तो हयात असताना, त्याच मालिकेच्या कंपनीत झालं. नवख्याचं तसं नसतं. जुलै २०२४ ते जून २०२५ असा अमेरिकेतल्या गेम नटांचा दुसरा संप यंत्राने नटाचा आवाज घडवण्याच्या याच प्रश्नावर चालला. तेव्हा मुंबईत स्टुडिओने कागद पुढे केला की तीन गोष्टी शोधा: रेकॉर्डिंग फक्त याच प्रकल्पापुरतं आहे का, त्यावरून यंत्राला आवाज शिकवायची परवानगी त्यात दडवलीय का (‘सर्व माध्यमांत, सर्व तंत्रज्ञानांत, कायमस्वरूपी’ अशा शब्दांत ती असते), आणि न निवडलेली कच्ची रेकॉर्डिंग्ज कुणाकडे राहणार. ‘फक्त चाचणीसाठी’ म्हणून तासभर वेगवेगळ्या भावांची सुटी वाक्यं, तीही कुठल्याच प्रसंगाविना, वाचायला सांगत असतील तर ती डबिंगची चाचणी नसते. तिथे आधी लेखी घ्या, मगच माइकपुढे उभे राहा.