भाकर खाऊ की भात?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी 48 वर्षांची, दारव्हा तालुक्यातली. सहा महिन्यांपासून संडासच्या वेळी लाल रक्त जाते, दुखत काहीच नाही. बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका वैद्यानं न पाहताच मूळव्याधीचे मोड म्हणून पुड्या दिल्या. ईसबगोल घेतलं तर पोट आणखीच जाम झालं. रोह्यांमुळे (नीलगायींमुळे) ज्वारी पेरणं सोडलं, घरात राशनचा तांदूळच असतो. जाऊ म्हणते बरंच आहे, भाकरीचा कोंडा आतडं कापते. भाकर खाऊ की भात? आशाताईंनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 7.8 आहे. जावेशिवाय घरी कोणाला माहीत नाही.

उत्तर : ताई, भाकरीचं सांगते, पण तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलेला तो 7.8 आधी. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं. 8 च्या खाली गेलं की गंभीर. एवढं रक्त मोडांतून जाऊ शकतं, पाळीतूनही (पाळीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही). पण मोठ्या आतड्याच्या गाठीतूनही असंच, न दुखता जातं. यातलं काय आहे ते पत्रावरून मला कळत नाही, आणि पुडीवाल्यालाही कळलेलं नाही.

यात मीही एकदा चुकले आहे. नवीन होते तेव्हाची गोष्ट. पन्नाशीचे एक मास्तर आले होते, हीच तक्रार घेऊन. ओपीडीत गर्दी, ते लाजत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. न तपासता ईसबगोल लिहून दिलं. आठ महिन्यांनी आले तेव्हा कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती. गाठ बोटाला लागत होती. पहिल्या दिवशीही लागली असती.

तपासणीत होतं एवढंच : डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, अंगावर चादर असते. नर्सबाईंना जवळ थांबायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. हातमोजा घालून बोटानं तपासतात, मग छोट्या नळीनं आत पाहतात. दोन-चार मिनिटं. यवतमाळच्या मेडिकलला सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. तुमचं वय आणि रक्त पाहता, मोड दिसले तरी दुर्बिणीनं पूर्ण आतडं पाहायचं का, हे स्वतःहून विचारा. त्यासाठी नागपूर किंवा सेवाग्रामला जावं लागलं तरी जा.

आता भाकर. कोंडा आतडं कापत नाही. त्यातला चोथा (फायबर) पाणी धरून ठेवतो, शौच मऊ होते, कुंथावं लागत नाही. मोडांचं रक्त चोथ्यानं साधारण निम्म्यावर आल्याचं चाचण्यांत दिसलं आहे, पण त्याला महिना-दीड महिना द्यावा लागतो. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा हवा. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम असतो, पांढऱ्या तांदळात 3 सुद्धा नाही. ज्वारी विकत घ्यावी लागत असेल तर एका वेळेपुरती घ्या. सोबत घट्ट वरण, अंबाडीची भाजी, पेरू. चोथा हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल आणि जाऊबाई म्हणतील, बघ, सांगितलं होतं!

ईसबगोल तुम्ही अर्ध्या कपात कालवून घेतलं असणार. एक चमचा, मोठा गिलासभर पाणी, फुगायच्या आत पिऊन टाकायचं, वर आणखी एक गिलास. कापूस वेचणीला गेलं की आडोसा नसतो म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मला माहीत आहे. पण पाण्याशिवाय चोथा म्हणजे वाळलेला चिखल. आडोशाला एक जुनं लुगडं पऱ्हाटीत बांधा, पण पाणी प्या.

चोथ्यानं रक्त थांबलं तरी तपासणी चुकवू नका. लोहाच्या गोळ्या आणि ईसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गोळ्यांनी शौच काळी होते, त्याला घाबरू नका. पण गोळ्या चालू नसताना ती डांबरासारखी काळी, चिकट झाली, किंवा रक्त थांबेना, चक्कर आली, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. आणि यवतमाळला जाताना जावेला सोबत न्या.